चव न घेणारा वस्ताद

हल्ली कुणीही उठतं आणि मला माझ्या वडिलांच्या कोंबडीच्या रश्श्याची कृती विचारतं. लग्नात विचारतात, बारशाला विचारतात, एकदा तर चक्क एका मयताला विचारली. ‘तुमच्या वडिलांच्या हातची चव अजून जिभेवर आहे हो,’ असं म्हणायचं आणि पिशवीतून पेन काढायचं. मी धणे इतके, खोबरं इतकं असं काहीबाही सांगून त्यांना वाटेला लावते. खरी हकिगत सांगायला बसले तर त्यांचाही वेळ जाईल आणि माझंही डोकं फिरेल. पण एकदा ती सांगून टाकायला हवी.

वडील परळच्या एका मालवणी खाणावळीत आचारी होते. मालक, गिऱ्हाइकं, भांडी घासणारी बाई, सगळे त्यांना वस्ताद म्हणत. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो, आई, बाबा आणि मी एकुलती एक. खाणावळ म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. लांबट बाकं, भिंतीला टेकून ठेवलेले पाट, दारातच हात धुवायचं पिंप. गिरणीची पाळी सुटली की कामगार कापसाचे तंतू केसांतून झटकत आत शिरत आणि बसायच्या आधीच ओरडत, ‘वस्ताद, रस्सा जरा पातळ ठेवा, भात जास्त खायचाय!’ बांगड्याचं तिकलं, तिसऱ्यांची एकशिपी, बुधवारी आणि रविवारी कोंबडी-वडे. ज्याचं बिऱ्हाड गावाला त्याचं घर तिथेच होतं.

बाबांची एक रीत होती, आणि ती अख्ख्या परळात ठाऊक होती. ते रांधताना चव घेत नसत. पळी तोंडाला लावणं सोडाच, बोटाचं टोकही जिभेला लावत नसत. शंभर माणसं ज्यातून जेवणार ते आचाऱ्याने उष्टं करायचं नाही, असं त्यांना त्यांच्या गुरूने शिकवलं होतं. मग कळायचं कसं? वासावर. झाकण काढायचे, वाफ अंगावर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, ‘अजून आंबट हवं.’ कांदा-खोबरं भाजताना ते कढईकडे बघतसुद्धा नसत. कुणाशी तरी गप्पा मारत पाठ करून उभे राहायचे आणि मधेच वळून कढई उतरवायचे. गिऱ्हाइकं नव्या माणसाला मुद्दाम हे दाखवायला आणत. बाबांना त्याचा भलता अभिमान होता, आणि आईला त्या अभिमानाचा वैताग. ‘बाहेर शंभर जणांना वास घेऊन वाढतात, घरात मात्र मीठ कमी आहे म्हणून पानावर बसून सांगतात,’ असं ती शेजारणींना ऐकवायची.

ती वर्षं मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून गिरणगाव पेटलेलं होतं तेव्हाची. मोर्चे, हरताळ, अश्रुधूर हे सगळं आमच्या रोजच्या बोलण्यात आलं होतं. एका हरताळाच्या दिवशी बाबा उरलेल्या रश्श्याचा डबा घेऊन घरी यायला निघाले. रस्त्यात पळापळ झाली. त्यांच्या डोक्यात मागून काहीतरी बसलं. लाठी की दगड, ते कधीच कळलं नाही. ते घोषणा देत नव्हते, कुणाला अडवत नव्हते. रश्श्याचा डबा घेऊन घरी येत होते एवढंच. लोकांनी उचलून हॉस्पिटलात नेलं, डोक्याला टाके पडले, आणि काही दिवसांनी ते पांढरी पट्टी बांधून घरी आले. चाळीत त्यांचं कौतुक झालं. मलाही वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी आईने दुपारी निखाऱ्यावर सुके बोंबील भाजले. सुके बोंबील भाजताना जो वास सुटतो तो ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. तिसऱ्या मजल्यावर भाजले तर तळमजल्यावरची मांजरं जिना चढतात. बाबा चुलीपासून हाताच्या अंतरावर बसले होते. ते म्हणाले, ‘जेवणाक काय आसा गो आज?’

आई हसली. तिला वाटलं चेष्टा करतायत. मग तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला.

बाबांनी बोंबील उचलून नाकाशी धरला. मग लसणीची पाकळी चेचून धरली. मग हिंगाची डबी उघडून तिच्यात जवळजवळ नाकच घातलं. एकेक वस्तू घ्यायचे, हुंगायचे आणि खाली ठेवायचे. शेवटी आमच्याकडे न बघता म्हणाले, ‘माका वास येणा नाय.’

तिथून पुढचे दिवस आठवले तरी मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नाही. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्यांच्या नाकाशी धरली. मोहरीचं तेल सोडलं. वैद्याने नस्य दिलं, त्याने नुसता शेंबूड झाला. आईने गावच्या देवीला नवस बोलून ठेवला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी विजेरी लावून नाकात बघितलं आणि सांगितलं, नाकाला काही झालेलं नाही, मार डोक्यात लागलाय, आतली शीर तुटली असेल, येईल किंवा येणार नाही. ‘येईल किंवा येणार नाही’ हे सांगायला डॉक्टर कशाला हवा, ते तर आमच्या चाळीतल्या कुणीही सांगितलं असतं. मी तसं तिथेच बोलून दाखवलं आणि आईचा चिमटा खाल्ला.

बाबांचं म्हणणं एकच, ‘कोणाक सांगा नको.’ खाणावळीत कळलं तर चुलीपुढून उठवतील, ही भीती त्यांच्या हाडात शिरली होती. दुसरं काही काम त्यांना येत नव्हतं असं नाही. पण दुसरं काही काम करणारा माणूस म्हणजे ते स्वतः, हे त्यांना पटतच नव्हतं. मी म्हटलं, ‘चव घ्या ना मग. एवढं काय? सगळे आचारी घेतात.’ तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

मग मीच त्यांचं नाक झाले. माझी शाळा दुपारची. सकाळी घरून भाकरी द्यायच्या निमित्ताने मी खाणावळीच्या मागच्या दाराशी जाऊन बसायचे. चूल तिथून चार पावलांवर. वाटण भाजून झालं की मी खोकायचे, बाबा कढई उतरवायचे. रश्श्याचं झाकण काढलं की मी मान हलवायचे, हो किंवा नाही. तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची होते, मैत्रिणी रिबिनी घेत होत्या आणि मी खोकत होते. मालक एकदा म्हणाला, ‘पोरीला औषध द्या वस्ताद, कधीपासून खोकतेय.’ बाबा ‘हो’ म्हणाले आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. त्या काळात त्यांना हसताना मी बघितलं ते तेवढंच.

संध्याकाळी घरी शिकवणी चालायची. बाबा कांदा परतायला घेत आणि मला विचारत, ‘सांग मगे, कसो वास येता?’

‘कांद्याचा.’

‘ता माका ठावक आसा. कांदो मीच चिरलंय. कसो येता, ता सांग.’

मला सांगता यायचं नाही. गोड म्हणावं तर गोड नाही, जळका म्हणावं तर जळका नाही. ‘चांगला येतो’ म्हटलं की ते कपाळावर हात मारून घेत. कधी चिडत, कधी अक्षरशः विनवत. ‘नीट सांग गो, आठवून सांग.’ माझ्याकडचे सगळे शब्द वापरून झाले. एकदा रडत ओरडले, ‘वास सांगता येत नाही बाबा! तो घ्यावा लागतो!’ आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाबांनी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, आणि त्या रात्री आम्ही अर्धा कच्चा कांदा घातलेली आमटी जेवलो.

तरी गाडं चाललं होतं, आणखी एक हरताळ येईपर्यंत.

त्या दिवशी गिरण्या बंद होत्या, सकाळपासून जमाव लालबागच्या नाक्यावर आणि पोलीस समोर. मोर्चातून येणाऱ्यांसाठी खाणावळीने फळी अर्धी लावून आत जेवण ठेवायचं ठरवलं होतं. बाबा पहाटेच गेले होते. मी भाकरी घेऊन निघाले तर नाक्यावर एका पोलिसाने मागे फिरवलं. मी दुसऱ्या बाजूने गेले, तिथे दगड चालले होते. एका चाळीत शिरले आणि मागच्या मोरीकडून बाहेर पडले, पुन्हा रस्ता बंद. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराने की भीतीने, कोण जाणे. माझ्या मनात मुंबईही नव्हती आणि महाराष्ट्रही नव्हता. माझ्या मनात कढई होती.

पोचले तेव्हा बाकं भरली होती आणि कुणी बोलत नव्हतं. एवढी माणसं आणि आवाज नाही, असं त्या खाणावळीत मी कधी पाहिलं नव्हतं. दाराशीच मला वास आला. खवट. पोत्यातलं खोबरं ओल लागून खवट झालं होतं, आणि बाबांनी ते निगुतीने, तासभर खपून, भाजून, वाटून अख्ख्या टोपात घातलं होतं.

एक जुना कामगार, रोजचा, बाबांना मानणारा, पान पुढे सारून म्हणाला, ‘वस्ताद, रागवू नका. पण साबण लागतोय.’

मालकाने पळीभर रस्सा हातावर घेतला, चाटला आणि थुंकला. ‘वस्ताद, काय झाला ह्या?’

बाबांनी मला दारात बघितलं. मी मान हलवली, नाही, नाही. मला सांगायचं होतं, काही बोलू नका, खोबऱ्यावर ढकला, दुकानदारावर ढकला, चला घरी. त्यांना काय कळलं देव जाणे. त्यांनी टोपात पळी बुडवली, आणि सगळ्या लोकांसमोर ती तोंडाला लावली.

कुणीतरी ‘अरे’ म्हणालं. चाळीस माणसं बघत होती. बाबांनी रस्सा तोंडात घोळवला, गिळला, पुन्हा एक घोट घेतला. त्यांच्या कपाळावर घाम होता. मग पळी खाली ठेवून, एखाद्या परीक्षेत बसलेल्या माणसासारखं, हळू आवाजात ते म्हणाले, ‘मीठ बरोबर आसा.’

मीठ खरंच बरोबर होतं.

मालक भला माणूस. त्याने आवाज चढवला नाही, उलट हात धरून बाहेर आणलं आणि म्हणाला, आराम करा, बरं वाटलं की या. तो बोलवणार नाही हे त्याच्यासकट आम्हा तिघांनाही कळलं होतं. मी बाबांना घरी आणलं. भाकरीचं फडकं माझ्या हातात तसंच होतं.

त्यानंतर बाबा गॅलरीत बसून असायचे. आई वाढायची ते जेवायचे, आणि ताट उचलून स्वतः धुवायचे. एक दिवस आईने कोळणीकडून सरंगा आणला, ऐपत नसताना, आणि असा रांधला की शेजारी आत डोकावून गेले. बाबांनी तोही तसाच खाल्ला, लिमलेटची गोळी चघळावी तसा. आई मोरीत जाऊन उगाच हंडा घासत राहिली.

मग उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायचे दिवस आले. लालबागला मिरची भाजून कांडून देणारी दुकानं आहेत, तिथे आमच्याकडच्या बायका आपापली मिरची, धणे, गरम मसाला घेऊन रांगेत बसतात. दरवर्षी आमचा मसाला बाबा उभे राहून भाजून घ्यायचे. आईने त्या वर्षी त्यांना मुद्दाम ओढून नेलं. घरात बसून माणूस कुजेल, म्हणाली.

भाजणाऱ्या बाईने आमची मिरची कढईत टाकली. धूर उठला आणि रांगेतल्या सगळ्या बायकांनी पदर नाकाला लावले. मी शिंकून बेजार झाले. बाबा कढईजवळ उभे होते. त्यांना जोराचा ठसका लागला, ते वाकले, खोकले, आणि वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

‘येता गो!’ ते ओरडले. ‘माका वास येता!’

तो वास नव्हता. मिरचीच्या धुराने ठसका लागायला नाक शाबूत असावं लागत नाही, तो घशाला लागतो, डोळ्यांना लागतो. मला कळलं, आईलाही कळलं. बाबा मात्र कढईवर ओणवे झाले होते आणि छाती भरून धूर आत ओढत होते, खोकत होते, पुन्हा ओढत होते. ‘येता, येता,’ म्हणत होते.

‘काकी, उतरवू का?’ भाजणारी म्हणाली. ‘करपेल हां.’

माझी आई एका मिरचीसाठी वाण्याशी भांडणारी बाई. वर्षभराची सगळी मिरची त्या कढईत होती. तिने बाबांकडे पाहिलं.

‘रवांदे,’ ती म्हणाली.

मिरची काळी पडली. रांगेतल्या बायका कुजबुजू लागल्या, एकीने तर आईला वेड्यात काढलं. आई हलली नाही. बाबा दमून मागे सरले तेव्हाच तिने कढई उतरवायला सांगितली, आणि ती करपलेली मिरची तशीच कांडून डबा भरून घरी आणली.

वर्षभर आमचं प्रत्येक कालवण कडू लागलं. नाक गेलं तरी कडू काय ते जिभेला कळतं, बाबांनाही कळत होतं. ते ताट पुसून जेवत, आणि मसाल्याला काय झालं, हे त्यांनी आईला एकदाही विचारलं नाही.