इथं कोण बसायचं?

देवरे बाई कुठंही टेकण्याआधी विचारायच्या, "इथं कोण बसायचं?" घरातली खुर्ची असो, ओसरी असो, नाही तर बाजारातला दगड असो, हे विचारल्याशिवाय त्या बसत नसत. उत्तर मिळालं की बहुतेक वेळा दुसरीकडे बसत.

मला त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं. जागा घोटीचा बैलबाजार. महामारी ओसरून बाजार पुन्हा भरायला लागला होता. मी निंबाखालच्या माझ्या दगडावर बसलो होतो, शेजारचा दगड मोकळा होता. खांद्याला पिशवी, पायात कापडी बूट अशा एक बाई आल्या आणि मोकळ्या दगडाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, कुठल्या तरी सरकारी खात्याच्या असतील.

"शेठ, इथं कोण बसायचं?"

बाजारातल्या कुणीही मला हे विचारलं नव्हतं. सगळे त्या दगडाला वळसा घालून जायचे आणि मला रामराम करायचे. मी उखडलो. "तुम्हाला काय करायचंय? बैल घ्यायचाय का?"

"नाही. पण माणसं त्याला वळसा घालतात. मघापासून बघतेय."

तो दगड नामदेवचा होता. नामदेव माझा भागीदार. दुसऱ्यांची जनावरं पायी हाकत बाजाराला नेण्यापासून आम्ही दोघांनी सुरुवात केली आणि पुढं स्वतःच्या नावावर व्यापार उभा केला. महामारीत तो गेला. हे सगळं मी त्या अनोळखी बाईला उभ्या उभ्या सांगून टाकलं आणि मग स्वतःवरच चिडलो. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकानं विचारलं त्यापेक्षा जास्त मी कधी काही सांगितलं नव्हतं.

बाई मूळच्या सटाण्याच्या, नाशिकच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. महामारीनं समाज कसा बदलला, यावर त्या पुस्तक लिहीत होत्या. मी म्हटलं, त्यात बघण्यासारखं काय आहे, माणसं गेली, धंदे बुडाले, पोरं मोबाइलला चिकटली. त्या म्हणाल्या, "ते सगळं आमचे लोक लिहितातच, शेठ. मी उंबरे बघते. कोण कुणाच्या दारात किती लांब उभं राहतं, ते बघते. रोग गेला, पण माणसं अजून तेवढ्याच अंतरावर उभी शेतस." बोलण्यात रंगल्या की त्यांची अहिराणी अशी मध्येच डोकवायची.

त्यांना आमचा रुमालाखालचा सौदा शिकायचा होता. बैलाचा भाव चारचौघांत बोलायचा नसतो. उपरण्याखाली हातात हात घालून, बोटं दाबून तो ठरतो. महामारीनंतर तरण्या व्यापाऱ्यांनी हे सोडलं. ते मोबाइलवर आकडा टाइप करून समोर धरतात. मी बाईंना बोटं शिकवली. नामदेवची खूणही दाखवली. सौदा संपला की तो समोरच्याच्या मनगटावर अंगठा दाबायचा. व्यवहार मिटला, मनात काही राहिलं नाही, असा त्याचा अर्थ. तसं करणारा बाजारात तो एकटाच.

एकदा त्या मला नाशिकला त्यांच्या चर्चासत्रात घेऊन गेल्या. मोठमोठे विद्वान जमले होते. मी उपरणं पसरलं आणि म्हटलं, या, कोण येतं. एक गृहस्थ पुढे आले, पण आधी खिशातून बाटली काढून त्यांनी तळवे चोळले. हात उपरण्याखाली घातला तो मेलेल्या माशासारखा. मी बोटं दाबली तर दचकून मागे घेतला. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. परतताना म्हणाल्या, "आमच्यातल्या कुणालाच हे स्वतःवर तपासावंसं वाटलं नाही. आम्ही समाज म्हणजे बाकीचे लोक समजतो."

मी काही फुकट शिकवत नव्हतो. माझीही एक अट होती, आणि ती मी त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितली होती.

नामदेवला ताप चढला तेव्हा मला आधीच बाधा झाल्यामुळे शाळेच्या इमारतीत कोंडलेलं होतं. आमच्या गल्लीत गाडी एकट्या रामभाऊकडे. नामदेव काठी टेकत त्याच्या दारात गेला. काठीच्या टोकानं दार वाजवलं आणि नाशिकला सोड म्हणाला. रामभाऊ आत होता. त्यानं दार उघडलं नाही. अॅम्ब्युलन्स दुसऱ्या दिवशी आली. नामदेव दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. तिकडेच त्याला जाळलं. आमच्यातल्या कुणाचा हात त्याला लागला नाही.

मला रामभाऊचं नाव पुस्तकात हवं होतं. गावासह, बापाच्या नावासह. मी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. त्याच्या घरावरून जाताना थुंकायचो. पण ते कुठंतरी छापून यावं, त्याच्या नातवंडांनी वाचावं, ही माझी इच्छा.

बाई म्हणाल्या, "आमच्या शास्त्रात नाव छापत नाहीत, शेठ."

"मग कसलं शास्त्र? नाव नसलेली तक्रार म्हणजे काय?"

"आधी त्याच्याकडे जाऊन येते," एवढंच त्या म्हणाल्या.

पुस्तक छापायला जाण्याआधी मी त्या नावासाठी भांडायलाच त्यांच्या नाशिकच्या घरी गेलो. गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. मी रागात एकीवर बसायला गेलो.

"तिथं नको," त्या पटकन म्हणाल्या.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "इथं कोण बसायचं?"

त्या पाणी आणायला आत गेल्या. भिंतीवर त्यांच्या मिस्टरांचा हार घातलेला फोटो होता. बाईंना जमिनीवर बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मीही खालीच बसलो.

मग त्यांनी मला रामभाऊची टेप ऐकवली. त्याचा आवाज म्हातारा झालेला. "दार नाय उघडलं म्या. घरात लहान लेकरं व्हती. बाई, लय भ्यालो व्हतो. चार दिवसांनी, दिवेलागणीला, पुन्हा काठी वाजली. म्हटलं नामा बरा होऊन आला. पळत जाऊन दार उघडलं. बाहेर कोनी नाय. मागून फोन आला, तो गेला म्हनून. तवापासून रोज दिवेलागणीला वाजतं. दार उघडं ठेवलं तर नाय वाजत. म्हनून आता लावतच नाय."

मी म्हणालो, "नाटकं करतोय. तुमच्यासमोर रडून दाखवलं."

"पुढं ऐका."

टेपमध्ये थोडा वेळ कुणी बोलत नव्हतं. मग ठक ठक, ठक. लाकडावर लोखंडी टोक आपटल्याचा आवाज. दोन लागोपाठ, जरा थांबून एक. नामदेव माझंही दार असंच वाजवायचा.

"दार उघडं होतं," बाई म्हणाल्या. "मी दारातच बसले होते. तेव्हा मला काही ऐकू आलं नाही. घरी येऊन टेप लावली तेव्हा ऐकलं."

"मग हे लिहिणार का?"

"नाही. मला जे मांडता येत नाही, ते मी लिहीत नाही. पण पुसलेलंही नाही." मग त्यांनी पदर हातावर ओढला आणि हात पुढे केला. "शेठ, सौदा करू. नाव सोडा."

मी पदराखाली हात घातला. त्यांची बोटं बर्फासारखी होती. त्यांनी आकडा दाबला नाही. नामदेवसारखा माझ्या मनगटावर अंगठा ठेवला आणि वाट बघत राहिल्या. मी उलट दाबलं असतं तर सौदा झाला असता. मी हात काढून घेतला. जिना उतरताना मागून आवाज आला, "सौदा मोडला नाही, शेठ. अर्धा राहिलाय."

आमच्या धंद्यात हात अर्धवट काढून घेणं वाईट समजतात. सौदा मोडला तर मोडला म्हणायचं. मी तेही म्हटलं नव्हतं.

पुस्तक आलं. त्यात रामभाऊ 'एक शेतकरी' आणि मी 'एक व्यापारी'. मी ते वाचून फेकलं, पुन्हा उचललं. महामारीत बाईंनाही बाधा झाली होती आणि तेव्हापासून त्यांची छाती कमजोर होती, हे मला त्या गेल्यावर कळलं. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी लासलगावला एका कामात होतो. नाशिकला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. याही वेळी माझा हात लागला नाही.

मुलीनं गॅलरीत खुर्ची दाखवली. मी उभाच राहिलो. विचारलं, "इथं कोण बसायचं?"

"दोन्हीवर आता कुणीच नाही, काका. कुठंही बसा."

मी बसलो नाही. तडक घोटीची गाडी धरली. गल्लीत शिरलो तेव्हा दिवे लागत होते. रामभाऊचं दार सताड उघडं. इतकी वर्षं ते तसंच उघडं दिसायचं आणि मी समजायचो की मला डिवचायला ठेवलंय. आत अंधार होता. तो दाराकडे तोंड करून बाजेवर बसलेला. त्याला आता फारसं दिसत नाही, हे मला तिथं उभं राहिल्यावर समजलं. माझ्या हातात बाजाराची काठी होती. उंबऱ्याला तिचं टोक लागलं आणि वाजलं.

"आलास?" रामभाऊ म्हणाला. "ये नामा. दार उघडंच हाय."

मी म्हणू शकलो असतो, मी नामा नाही, मी विठ्ठल, आणि तुझं नाव मी साऱ्या जगाला सांगीन. त्यानं हात पुढं केला होता. मी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोघांच्या हातांवर टाकलं आणि त्याच्या मनगटावर अंगठा दाबला.

मग उपरण्याखालून त्यानं माझ्या मनगटावर उलट दाबलं. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनंही कुणीतरी दाबलं. हात बर्फासारखा होता, पदराखालच्या त्या बोटांसारखा. रामभाऊचा तळवा तापलेला होता, हे मला पक्कं आठवतं.

मी उपरणं उचललं. खाली आमचे दोघांचेच हात होते.

निघताना मागे कडी लागल्याचा आवाज आला. रामभाऊ आता रात्री दार लावून झोपतो.