गंगापूरहून आलेलं नाव

फ्लोरा, तुम्ही गेलात त्याच आठवड्यात आम्हीही ठाणं सोडलं, हे तुझ्या लक्षात असेल की नाही कोण जाणे. तुम्ही सोमवारी विमानानं इस्रायलला, आम्ही गुरुवारी एसटीनं औरंगाबादला. तुमच्या वेळी सगळी आळी विमानतळावर आली होती. हार, पेढे, रडारड, तुझ्या आईच्या, माझ्या मावशीच्या, गळ्यात पडलेल्या बायका. आम्हाला पोचवायला एकटा मामा आला. त्यानं ट्रंक टपावर चढवली, गाद्यांची वळकटी चढवली, हात झटकले आणि आईला म्हणाला, "लोक यरुशलेमला निघाले तर समजतं. औरंगाबादला कोण जातं, रिबका?"

आई गाडीत जाऊन बसली. मांडीवरच्या पिशवीत तिनं खोबरेलाची बाटली, काचेचा पेला आणि दारावर लावायचा, आत देवाचं वचन असलेला मेझुझा जुन्या लुगड्यात गुंडाळून घेतला होता. तो सगळा ऐवज ठाणे ते औरंगाबाद तिनं एकदाही खाली ठेवला नाही.

तुम्ही सगळे, अश्दोदचे आणि बेरशेबाचे, आणि जे ठाण्यातच राहिले तेही, दर वेळी फोनवर एकच विचारता. तुमचे कागद तर तयार होते, मग तुम्ही का नाही आलात? मी दर वेळी हसून "राहून गेलं" म्हणते. या वेळी म्हटलं, लिहूनच टाकावं. माझी शाळा सातवीतच सुटली, हे तुला माहीत आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर ओठातल्या ओठात हस, मुलांना दाखवू नकोस.

बाबा टर्नर होते. मुंबईचा कारखाना मालकानं गुंडाळला आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत नवा टाकला. तिकडं तेव्हा रोज एक नवी चिमणी उभी राहत होती. जुन्या माणसांतले चारपाच त्यानं बरोबर घेतले, त्यांत बाबा. रविवारी काम करायचं आणि शनवारी सुट्टी, एवढं एकच बाबांनी मागून घेतलं. मालक म्हणाला, "मशीनला वार कळत नाही, या तुम्ही."

आई मात्र हो म्हणाली ती अटीवर. तुमच्या-आमच्या सगळ्यांदेखत म्हणाली होती. तेव्हा तिला दिवस होते. आदल्या खेपेचा मुलगा सहाव्या दिवशी गेला होता. सुंता नाही, म्हणून नाव नाही. आम्हा बेने इस्राएलांत मुलाला नाव सुंतेच्या वेळी मिळतं, आणि सुंता आठव्या दिवशी. तो बिचारा बिननावाचाच गेला. प्रार्थनेत त्याची आठवण काढायची तर काय म्हणून काढायची, हे आईला कधीच कळलं नाही. तर ती म्हणाली, "हे बाळ तिथं होईल. मुलगा झाला आणि आठव्या दिवशी त्याला नाव मिळालं, तर राहीन. एक दिवस जरी चुकला, तरी मी पोरांना घेऊन इस्रायलला बहिणीकडं जाते, मग तुम्ही या नाहीतर राहा." बाबांनी मान डोलावली. कागद भरून ट्रंकेच्या तळाशी ठेवले गेले.

मुकुंदवाडीत पत्र्याच्या दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच महिन्यात थंडी पडली. आता तू म्हणशील, त्या थंडीचं काय कौतुक! पण ठाण्याच्या माणसाकडं स्वेटर कुठला? आम्ही भावंडं दोन-दोन फ्रॉक एकावर एक घालून चुलीशी बसायचो. आई म्हणायची, "इथं हाडं वाजतात गं." शेजारी कौसामावशी राहायच्या. धनगर, मूळच्या देवगाव रंगारीच्या. मेंढरं भावाकडं ठेवून नवऱ्याबरोबर मजुरीसाठी शहराकडं आलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आईकडं पाहून कपाळाला हात लावला.

"अगं बया! पोटुशी बाई, अन् अंगावर वायलचं लुगडं! कुठल्या मुलखातून आलात?"

तासाभरानं एक काळं घोंगडं आमच्या खोलीत आलं. मेंढराचा वास येणारं, टोचणारं. आई दोन दिवस त्याच्यापासून लांब बसली. तिसऱ्या दिवशी त्यातून बाहेर येईना.

आणि मग तो शुक्रवार. आईनं शब्बाथच्या दिव्यासाठी बाटली काढली, तर आत खोबरेल दगड झालेलं! आम्ही जन्मात असं पाहिलं नव्हतं. आईनं बाटली चुलीशी धरून तेल पातळ केलं, पेल्यात नेहमीसारखं खाली पाणी, वर तेल, वात लावली, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. आम्ही जेवायला बसलो न बसलो तोच ज्योत बारीक झाली आणि गेली. पाणी बर्फासारखं गार, त्यावर तेल पुन्हा गोठलं होतं, वातीला प्यायला काही उरलं नव्हतं.

शुक्रवारी सूर्य बुडून शब्बाथ, आमचा विश्रांतीचा शनवार, लागला की आम्ही विस्तवाला हात लावत नाही, दुसऱ्याला लाव म्हणूनही सांगत नाही. आई पेल्यासमोर उभी राहिली, एक हात पोटावर. तिच्या मनात काय आलं ते मला कळत होतं, मी तेरा वर्षांची होते. मला आजही लहानसहान गोष्टीनं धडधडतं, त्या धडधडीची सुरुवात ही.

कौसामावशी भाकरीचं पीठ मागायला आल्या होत्या. त्यांनी आईकडं पाहिलं, पेल्यात बोट घालून पाहिलं.

"आता गं! तुम्हीच सांगितलं ना मला, तुमचे वाडवडील शनवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाकडं तुम्हाला शनवार तेली म्हणायचे? अन् तेल्याच्याच घरी तेल गोठलं व्हय?"

हसत हसत घरी गेल्या, करडईच्या तेलाची वाटी घेऊन आल्या. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. खोबरेल काढून टाकलं, करडईचं ओतलं, काडी ओढली. "आमचं तेल उनाड हाये, थंडीला भीत नाय," म्हणाल्या आणि पीठ न घेताच गेल्या.

बाबांनी ताट पुन्हा पुढं ओढलं. मग म्हणाले, "देव तोच आहे, रिबका. तेल बदललं."

आईला पुढं अंथरुणातून उठायची मनाई झाली. घर माझ्याकडं आलं, शाळेत नाव घालायचं तेवढं राहिलं, ते राहिलंच. वाईट वाटतं का? वाटतं. पण त्या चार महिन्यांत कौसामावशींनी मला भाकरी थापायला, करडईची भाजी करायला आणि न घाबरता दार उघडायला शिकवलं. तेही कुठं शाळेत शिकवतात?

थंडी सरता सरता, एका बुधवारी, भाऊ झाला. वारालाच वार, म्हणजे पुढच्या बुधवारी सुंता. बाबांनी त्याच दिवशी ठाण्याला तार केली. सुंता करणारे मोहेल शमुवेलकाका मंगळवारच्या एसटीनं निघणार होते. आई रोज सकाळी भिंतीवर कोळशानं रेघ ओढायची. सहावी रेघ ओढली त्या दिवशी तिनं बाळाला मांडीवरून खाली ठेवलं नाही. सातवी ओढली आणि पहिल्यांदा पोटभर जेवली.

बुधवारी सकाळी कळलं, आज बंद आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, या मागणीसाठी सगळीकडं रास्ता रोको. तुम्हाला तिकडं नामांतराचं कितपत कळलं असेल ठाऊक नाही. इथं त्या नावावरून माणसं मारली गेली, घरं जळली. बाबांच्या शेजारच्या मशीनवर दौलतकाका होते. त्यांच्या बहिणीचं घर गावाकडं जाळलं होतं, ती पोरांसकट त्यांच्या खोलीत येऊन राहिली होती. दौलतकाका एरवी गमत्या माणूस. तो विषय निघाला की मात्र मशीनकडं वळायचे.

दहाच्या सुमारास कारखान्याचा टाइमकीपर सायकलवरून आला. ऑफिसात ट्रंककॉल आला होता. गाडी गंगापूरला अडकली होती, पुढं सुटणार नव्हती. शमुवेलकाका स्टँडवर बसून होते.

आईनं ऐकलं. तिनं ट्रंकेकडं पाहिलं फक्त. बाबा चपला न घालताच बाहेर पडले.

ते गेले ते दौलतकाकांकडं. काका जालना रोडवर, रस्त्याच्या मधोमध, निळा झेंडा घेऊन बसलेले. बाबा तिथं जाऊन कडेला घुटमळले. ज्यानं रस्ता अडवलाय त्यालाच रस्ता काढून दे म्हणायचं! काकांनीच विचारलं, "काय भाऊ, पोरगं बरंय ना?" बाबांनी आईच्या अटीसकट सगळं सांगितलं. काका म्हणे झेंडा शेजारच्याच्या हातात देऊन उठले. मेव्हण्याची राजदूत मोटारसायकल काढली. आणि निघताना एवढंच म्हणाले, "वहिनीला सांगा, ट्रंक उघडू नका."

त्यापुढचं मी शमुवेलकाकांच्या तोंडून ऐकलं, ते जन्मभर सांगायचे. परत येताना तीन ठिकाणी गाडी अडवली. पहिल्या दोन ठिकाणी दौलतकाकांना ओळखून सोडलं. वाळूजच्या अलीकडं मात्र पोरं तापलेली होती.

"दौलतदादा, तुम्हीच आम्हाला बसवलं अन् तुम्हीच मोडता व्हय? अन् हे टोपीवालं म्हातारं कोण?"

"बेने इस्राएलांचे आहेत. माझ्या दोस्ताच्या पोराचं नाव ठेवायचंय, आज सूर्य बुडायच्या आत. आज नाय ठेवलं तर त्याची आई मुलूख सोडून जाती."

"मग उद्या ठेवा की! एका दिवसानं काय होतंय?"

तेव्हा रस्त्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं त्या पोराला गप्प केलं. "एका दिवसानं काय होतंय ते ज्याला नाव नाय त्याला विचार. नावासाठी चाललेत ना? जाऊ द्या. आपण तरी कशापायी बसलोय उन्हात?"

आणि माणसं बाजूला झाली.

इकडं मी उंबऱ्यात उभी. ऊन पत्र्यावरून भिंतीवर, भिंतीवरून अंगणात उतरलं. आमच्यात सुंतेला एक खुर्ची एलियाहू हन्नाबींसाठी, आमच्या प्रेषितासाठी, रिकामी ठेवतात. खुर्ची कुठली? कौसामावशींनी टेलरकडचं स्टूल आणलं, त्यावर आपलंच घोंगडं अंथरलं. "तुमच्या देवमाणसाला टोचंल का हो?" म्हणाल्या. आई त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

पाच वाजून गेल्यावर राजदूत आली. शमुवेलकाका धुळीनं लाल झालेले, मांडीवरची पेटी घट्ट धरून. हात धुतले आणि विचारलं, "प्रार्थनेला आपले दहा पुरुष लागतात, आहेत?" बाबा म्हणाले, "आपले दोघंच. तुम्ही आणि मी." शमुवेलकाकांनी खोलीभर पाहिलं. दौलतकाका, कौसामावशींचा नवरा, टाइमकीपर, टेलर. "सुंता थांबत नाही," म्हणाले, "चला." ऊन अंगणात होतं तेवढ्यात बाळाला नाव मिळालं, एलियाहू. दौलतकाकांनी दारातूनच विचारलं, "ठेवलं?" "ठेवलं." "मग मी जातो, माझे लोक तिकडं बसलेत." पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

त्यानंतर वर्षं गेली. मावशीची पत्रं येत, या म्हणून. मी एकदा आईला विचारलं, आता कशाला थांबायचं? तेव्हा मी बोल्टच्या कारखान्यात पॅकिंगला लागले होते. आई म्हणाली, "माझ्या पोराचं नाव ज्यानं रस्त्यावरून आणलं, त्याचं नाव अजून रस्त्यावरच आहे. ते लागल्याशिवाय मी हलू कशी? हन्नाबींना नवस बोललेय मी."

फ्लोरा, हे आहे ते "राहून गेलं."

पुष्कळ वर्षांनी विद्यापीठाच्या कमानीवर ते नाव लागलं. अर्धं जुनं, अर्धं नवं, पण लागलं. त्या दिवशी आईनं मलिदा केला. पोहे भिजवले, गूळ, खोबरं, वेलची, भोवती पाच फळं, वर सब्जाची डहाळी. नवस फेडावा तसा. ताट झाकून ती स्वतः चालत दौलतकाकांकडं गेली, मी मागं. काका म्हातारे झालेले, ओट्यावर बसलेले. आईनं ताट पुढं केलं. "भाऊजी, आज तुमच्याकडं बारसं आहे ना?"

काकांनी मलिद्याचा घास घेतला आणि दुसरा आईच्या हातावर ठेवला.

आता तर या शहराचंही नाव बदललं आहे. मी पत्रावर दोन्ही लिहिते, पोचल्याशी कारण. आई-बाबा नाहीत, दौलतकाका नाहीत. कौसामावशी आहेत, दात नाहीत पण जीभ आहे. ज्याच्या नावासाठी एवढं झालं तो आमचा एलिया तुमच्या बेरशेबात, आणि मी इथं. विचार केला तर हसू येतं. नवस फिटला तेव्हाच आईला म्हटलं होतं, आता मोकळी झालीस, जायचं का? ती म्हणाली, "आता? आता तर इथं माझी ओळख झाली."

दर शुक्रवारी एलियाचा फोन येतो, तिकडं शब्बाथ लागायच्या आधी. थंडीच्या दिवसांत हमखास विचारतो, "ताई, तेल गोठलं का गं?" नाही गोठत, बाबा. मी पेल्यात खाली पाणी, वर अर्धं खोबरेल, अर्धं करडईचं घालते. वास ठाण्याचा येतो, आणि ज्योत इथली, सकाळपर्यंत टिकते.