अंबूबाईचा बत्ता

लागलं म्हणून कुणी कळवळलं, की अंबूबाई म्हणायची, "दाखव." वळ दिसला तर हळद, नाही दिसला तर कामाला लाग. पोटच्या पोरीला, महामायाला, धपाटा घातल्यावरही तिचा हाच कायदा. जळगाव जामोदच्या बाजारात भांडं घेताना उलटसुलट करून बघायची. पोचा सापडला नाही की भांडं चांगलं. मी तिची शेजारीण. आमची भिंत एकच. तिच्याइतकी कष्टाळू आणि तिच्याइतकी निर्दय बाई मी दुसरी पाहिली नाही.

महामायाचा उजवा पाय गुडघ्याखाली मळणीयंत्रात गेला, तेव्हा ती शाळेत शिकत होती. ती जखम सगळ्यांना दिसत होती, म्हणून अंबूबाई रडली, अगदी मनापासून रडली. पुढे एका संस्थेनं पोरीला चालायला साधा पाय आणि पळायला कार्बन फायबरचं पातं दिलं. काळंभोर, विळ्यासारखं वाकलेलं. ते बांधून पोरगी जी सुटली ती तालुक्यात पहिली आली. राज्याच्या संघात निवड झाली तर पुण्याला राहणं, सराव, शिक्षण सगळं फुकट होतं. तिला बक्षिसांचं काही नव्हतं. तिला आईच्या घरातून बाहेर पडायचं होतं.

तिचा पळतानाचा फोटो पेपरात आला आणि दुसरबीडचं ठरत आलेलं स्थळ फिरलं. अर्ध्या चड्डीत पळणारी सून आम्हाला नको, असा निरोप आला. अंबूबाई तेव्हा मिरच्या कुटत होती, पोरगी कॉलेजात होती आणि पातं खुंटीला टांगलेलं होतं. तिनं ते उंबऱ्यावर ठेवलं आणि हातातला लोखंडी बत्ता त्यावर घातला. हे तिनंच मला नंतर सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. पात्यावर ना ओरखडा उठला, ना पोचा पडला. मग तिनं ते पदरानं पुसलं आणि परत खुंटीला अडकवलं.

काही मोडलंच नाही, म्हणजे आपण काही केलंच नाही, असं तिनं धरलं. पुढे महामाया जिल्ह्यात पहिली आली. सत्काराला अंबूबाईला स्टेजवर खुर्ची मिळाली आणि बाईचा नूरच पालटला. येईल त्याला "माही पोरगी, माही पोरगी" ऐकवू लागली. पळताना पात्याच्या आत काहीतरी कटकटतं, असं पोरगी सारखी म्हणायची. आई म्हणायची, "दाखव." पोरीला ते दाखवता यायचं नाही.

निवडीच्या आधी संस्थेनं बुलढाण्यात सगळी पाती तपासायला बोलावली. कुठल्याशा स्पर्धेत एका पोराचं पातं भर शर्यतीत तुटून त्याचा जबडा फुटला होता. अंबूबाई नवी साडी नेसून निघाली. माझा मोबाइल बरा, फोटो चांगले निघतील, म्हणून मलाही ओढून नेलं.

तपासणारी महेजबीन नावाची मुलगी होती. ती मोठ्या दिव्यानं पातं क्षणभर तापवायची आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून बघायची. तिनं आम्हाला नीट समजावून सांगितलं. पातं एकावर एक थर देऊन केलेलं असतं. वरून दिलेली उष्णता आत उतरत जाते. आतले थर सुटले असतील तिथं ती अडते, आणि तेवढी जागा पडद्यावर उजळ दिसते.

महामायाचं पातं वरून तुकतुकीत होतं. "दाखव बरं," म्हणत अंबूबाई सगळ्यांच्या आधी वाकली. काळ्या पडद्यावर दोन पांढरे डाग उमटले, शेजारी शेजारी.

महेजबीननं पातं उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, हे पडल्यानं झालेलं नाही. जड, गोल टोकाच्या कशानं तरी कुणीतरी मारलंय, जवळजवळ एकाच जागी, दोनदा. याच्यावर आता पळता येणार नाही आणि हे दुरुस्तही होत नाही. दुसरं पातं मिळेपर्यंत निवड होऊन जाईल, आणि वयात बसायचं हे शेवटचं वर्ष.

महामायानं पडद्याकडे पाहिलं, मग आईच्या हाताकडे. घरात बत्ता चालवणारं दुसरं होतं कोण?

"एकदा रागात मारलं असशील, माय," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा काऊन मारलं?"

अंबूबाईला खोटं बोलायची सवय नव्हती. "पह्यल्यानं काहीच झालं नव्हतं," ती म्हणाली.

मला तिच्या कानफटात द्यावीशी वाटली. पण ती अजून पडद्याकडेच बघत होती, आणि बोटानं ते डाग पुसले जातात का पाहत होती.

पातं महेजबीननं ठेवून घेतलं. महामाया साध्या पायावर लंगडत पुढे, आई रिकामी पिशवी घेऊन मागे, त्यांच्यामागून मी, अशा आम्ही स्टँडवर आलो. फोटो एकही निघाला नाही. जळगाव जामोदची एसटी लागली तेव्हा दोघी एकाच गाडीत चढल्या, कारण दोघींना जायला घर एकच होतं.