ब्रिजखालची तार

आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. वडील, आमचे अप्पा, शिसवी लाकडात वेगळ्या रंगाचं लाकूड बसवून जडावकाम करायचे, धाकटा भाऊही तेच करतो. त्याला दहावीचं गणित जमलं नाही. मी विजेचा इंजिनियर झालो. कारखान्यातलं यंत्र बंद पडलं की आधी मला फोन येतो. चामराजपुरममधल्या घरात मी वर राहतो, तो आणि आई खाली.

मुलगी कॉलेजात गेली आणि म्हणाली, इलेक्ट्रिक गिटार हवी, पण घरी बनवलेली. मी म्हटलं, "बनवू की. त्यात काय, सगळं सर्किटच तर असतं."

"लाकूड काका करेल ना?"

तिथंच मला टोचलं. खरं तर टोचणं जुनं होतं. लहानपणी पाहुणे आले की वडील माझं मार्कशीट दाखवायचे. पाहुणे "छान, छान" म्हणायचे आणि घडी घालून परत द्यायचे. भावानं केलेलं तबक मात्र खिडकीच्या उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत बसायचे. मला वाटलं, या गिटारीत हिशेब माझ्या बाजूनं फिरेल. लाकूड नुसतं लाकूड आहे, वीज माझी आहे. मुलीनं एकदा तरी म्हणावं, बाबांनी केली.

भावानं माळ्यावरची वडिलांच्या वेळची शिसवी फळी काढली. महिनाभर अंगणात भुसा आणि रंध्याचा आवाज. येणारा-जाणारा थांबून बघायचा. मीही माझं काम मन लावून केलं. गिटारीच्या पोटातली खोबण तांब्याच्या पत्र्यानं मढवली, तारांचा आवाज पकडणारे पिकअप बसवले, आवाजाच्या बटणांच्या वायरी जोडल्या, सोल्डरचा एकेक टाका मण्यासारखा चकचकीत दिला. मग त्यावर झाकण बसलं आणि संपलं. माझं सगळं पोटात, त्याचं सगळं अंगावर.

गिटारीच्या तारा खालच्या बाजूला ज्या लोखंडी पट्टीत अडकतात तिला ब्रिज म्हणतात. त्या पट्टीखालून एक बारीक वायर लाकडातल्या भोकातून आत आणून अर्थला, म्हणजे अर्थिंगला, जोडायची असते. ती नसेल तर स्पीकरमधून नुसती घरघर येते. असेल तर तारांना हात लागला की घरघर बसते. एवढंच शास्त्र, पण त्यावर सगळं उभं.

भाऊ म्हणाला, "दादा, ती वायर मागाहून घाल. आधी पॉलिश होऊ दे."

"तुझं पॉलिश कधी संपणार? माझं मी करून मोकळा होतो."

खरं कारण वेगळं होतं. एकदा त्याचं पॉलिश चढलं की माझ्या वायरीकडे कोण बघणार? म्हणून मी आधीच वायर बाहेर काढली आणि तिचं उघडं तांबं ब्रिजच्या जागेवर पंख्यासारखं पसरून ठेवलं.

त्यानं लाखेच्या पॉलिशचे आठ हात दिले. रविवारी सकाळी ब्रिज बसवला, तारा ओढल्या. आई, मुलगी, बायको, आणि नुकत्याच पुण्याहून राहायला आलेल्या शेजारीणबाई, सगळ्या गिटारीभोवती. बाई म्हणाल्या, "अहो, काय लाकूड आहे हे! यात तोंड दिसतंय माझं!" भाऊ लाजून हसत होता. माझ्या हातात मल्टीमीटर होता. त्याचं एक टोक ब्रिजला, एक जॅकला, म्हणजे स्पीकरची वायर खुपसतात त्या भोकाला लावायचं, बीप आला की जोड पक्का, बस्स. मी मीटर पिशवीत घातला आणि वर जाऊन पेपर वाचत बसलो. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला गेटबाहेर उभं केलं असतं.

दुपारी मुलीनं गिटार स्पीकरला जोडली. खोलीत भाताची गिरणी सुरू झाल्यासारखी घरघर. तिनं तारांवर हात ठेवला, घरघर तशीच. जॅकच्या लोखंडाला बोट लावलं तर कमी झाली.

"बाबा, तारांना अर्थ लागलेला नाहीये."

आई खुर्चीतून म्हणाली, "अय्यो, इंजिनियरच्या घरात अर्थ नाही?"

सगळे हसले. भाऊ तेवढा हसला नाही. "आई, सुम्ने, गप्प बस ग. बघतोय ना तो." त्याचं ते सांभाळून घेणं मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

मी ब्रिज उचकटला. खाली माझी वायर लाखेच्या आठ थरांत सोन्यासारखी झळकत होती. लाखेतून वीज जात नाही. मला इतका आनंद झाला की सांगायची लाज वाटते.

"हे बघ! वायरीवर पॉलिश मारून ठेवलंस!"

तो वाकून बघायला लागला. "तांबं उघडं होतं दादा. काळं पडेल म्हणून झाकलं. उघडं काही सोडायचं नाही, अप्पांनीच शिकवलंय ना." मग हळूच म्हणाला, "तू सांगितलं नाहीस."

नव्हतंच सांगितलं.

मी ब्लेड घेऊन वायर खरवडली. तांबं लख्ख झालं. तिथं थांबायला हवं होतं. ब्लेड ब्रिजच्या जागेपलीकडे गेलं, त्या आरशासारख्या पॉलिशवर, तांदळाच्या दाण्याएवढा ओरखडा उमटला. ब्लेड घसरलं असं मी म्हणणार नाही. भावानं ते पाहिलं. त्यानं पाहिलेलं मीही पाहिलं. मी ब्रिज आवळला, मीटर लावला, बीप आला. मुलीनं तारांवर हात ठेवला, घरघर बसली.

भाऊ मुलीला म्हणाला, "दोन दिवस माझ्याकडे राहू दे."

वडिलांची एक रीत होती. पटाशी घसरली, लाकडात गाठ निघाली, तर त्या जागी एकच पान जडवायचं. गिऱ्हाइकाला ती नक्षी वाटते. आम्हा घरच्यांना ठाऊक, एकटं पान दिसलं की खाली चूक आहे. दोन दिवसांनी गिटार आली तेव्हा ब्रिजच्या कडेला पांढऱ्या लाकडाचं एवढंसं पान होतं, शिरांसकट.

आईनं त्यावरून अंगठा फिरवला. "हे कुणाचं?"

"माझंच. पटाशी सरकली," भाऊ ताटातून मान वर न करता म्हणाला.

"तुझी?" आई म्हणाली, आणि मला भातावर सारू वाढायला लागली. मी जेवलो. खोटंसुद्धा तो माझ्यापेक्षा चांगलं बोलतो.

कॉलेजच्या कार्यक्रमात मुलगी वाजवायला उभी राहिली. आवाज स्वच्छ, एक कण घरघर नाही. पण जी नाही ती कुणाच्या लक्षात येणार? संपल्यावर मैत्रिणींनी घोळका केला आणि पहिलं बोट त्या पानावर गेलं.

"हे किती गोड आहे! कुणी केलं?"

"काकानं," ती म्हणाली. मी मागे स्पीकरची वायर गुंडाळत होतो. त्या पानाला जागा मी करून दिली, असं सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं, आणि उरलेली वायर गुंडाळली.