मनगटावरची बोटं

मध्य प्रदेशातल्या देवासच्या त्या क्लिनिकात हृदयाच्या इको तपासणीचं मशीन चालवणाऱ्या माणसाचा मला राग यायचा. कारखान्यांतले कामगार वार्षिक तपासणीला त्याच्याकडे येत आणि मी दाराबाहेर हृदयविकाराची पत्रकं वाटत असे. छातीला गार लागू नये म्हणून तो जेलची बाटली गरम पाण्यात ठेवायचा. "करवट घ्या भिया, सांस रोका," एवढंच तिथल्या हिंदीमिश्रित मराठीत, सगळ्यांना भाऊ म्हणत बोलायचा; काय दिसलं ते कुणालाच सांगत नसे, त्याचाच मला राग. मात्र मशीन लावण्याआधी प्रत्येकाचं मनगट दाबून बघायचा.

भट्टीवर काम करणाऱ्या माझ्या काकांच्या वेळी मी आत असताना, त्यांचं मनगट त्याने जरा जास्तच वेळ धरलं. इको चांगला निघाला, डॉक्टरांनी 'फिट' लिहिलं. तो मला हळूच म्हणाला, "हृदय आज ठीक आहे, पण नाडीची नळी ताठ झालीये. पुढे त्रास देईल."

"मग डॉक्टरांना सांगा, रिपोर्टमध्ये लिहायला लावा."

"मशीनसमोर माझ्या बोटांना कोण विचारतं? आणि लिहिलं, तर काका उद्यापासून घरी."

तुमच्या असल्या गप्प बसण्यानेच माणसं मरतात, असं मी त्याला तोंडावर सुनावलं. तो चिडला नाही. त्याने काकांची बोटं आधी स्वतःच्या मनगटावर ठेवली, मग त्यांच्याच मनगटावर. त्याची नाडी मऊ लागली, स्वतःची दोरीसारखी ताठ; काका चपापले. माझं एकही पत्रक त्यांनी वाचलं नव्हतं. हे मात्र त्यांना लगेच कळलं.

"रिटायर व्हायला चार वर्षं आहेत," ते म्हणाले. "तेवढी निघतील ना, भिया?"

बाहेर रांग होती, तरी पुढचं नाव पुकारायला तो उठला नाही.