वधूवर पुस्तिकेतला मोबाईल नंबर

१३ मे २०१८, रविवार. रक्कम पाचशे रुपये. डहाणूतल्या एका मंगल कार्यालयाच्या दारात टेबल मांडले होते. हजर माणसे चार: मी, माझी बायको, आमची मुलगी आणि टेबलामागे आमच्या समाजाच्या वधूवर मंडळाचे चिटणीस. त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

पाचशेत काय काय मिळणार हे मी आधी विचारून घेतले. मेळाव्यात प्रवेश, तिघांचे जेवण आणि एक छापील पुस्तिका. पुस्तिकेत प्रत्येक मुलामुलीचा फोटो, शिक्षण, पगार, पत्ता आणि मोबाईल नंबर.

"पुस्तिका कोणाकोणाला देणार?" मी विचारले.

"पैसे भरून आत बसलेत त्यांनाच," अण्णा म्हणाले. "एक प्रत बाहेर जायची नाही. निश्चिंत राहा, भाऊ."

मुलगी बोर्डीच्या एका शाळेत शिकवते. अण्णांचे बोलणे ऐकूनच तिने फॉर्मवर स्वतःच्या हाताने नंबर लिहिला. मेळाव्यात तिला कोणी पसंत पडले नाही. बासुंदी बरी होती. आम्ही घरी आलो आणि विषय संपला असे मला वाटले.

शाळा सुरू झाल्यावर फोन सुरू झाले. आधी विमा एजंट, मग लग्नासाठी कर्ज हवे का विचारणारे. ते तरी एकदा नाही म्हटले की ठेवायचे. पण वापीहून एकजण रोज करू लागला. "फोटोतली साडी तुम्हाला शोभते," असे तो पहिल्याच दिवशी म्हणाला. तिने नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून फोन. भरवर्गात फोन थरथरला की खडू ठेवून ती आधी नंबर बघायची. बंद ठेवावा तर मुलांचे पालक, बँकेचे मेसेज, सगळे त्याच नंबरवर.

शेवटी तिने एका विमा एजंटालाच खडसावून विचारले. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं नेटवर आहे ना." तिने शोधले. मंडळाने फेसबुकवर पान काढले होते आणि तिथल्या लिंकवर आख्खी पुस्तिका ठेवली होती. कोणीही उघडावी, कोणीही उतरवून घ्यावी.

"अहो, नंबर बदलून टाकू या," बायको म्हणाली. "कटकट मिटेल."

"मी का बदलू?" मुलगी म्हणाली. "त्यांनी ठेवलंय, त्यांनी काढावं."

मला तिचेच पटले. मी पतसंस्थेत हिशेब सांभाळतो. ज्याने कर्जासाठी पगाराचा दाखला दिला, त्याचा पगार मी त्याच्या सख्ख्या भावालाही सांगत नाही. दाखला कर्जासाठी दिलेला असतो, गावासाठी नाही. इथेही तेच होते. आम्ही नंबर दिला होता तो मेळाव्यासाठी.

अण्णांचे रंगाचे दुकान आहे. मी गेलो तेव्हा ते एका गिऱ्हाईकाला डिस्टेंपर दाखवत होते. माझे सगळे ऐकून घेतले आणि हसले.

"भाऊ, लोक स्वतःहून सांगतात, आमचं जास्त लोकांपर्यंत पोचवा. सुरत, मुंबईची माणसं बघतात. तुम्ही उलटंच बोलताय."

"बाहेर एक प्रत जाणार नाही, हे तुमचेच शब्द."

"छापील प्रत म्हटलं होतं मी. ती गेलीये का एक तरी?"

त्या उन्हाळ्यात परदेशी कंपन्यांकडून आम्हा सगळ्यांना ई-मेल येत होते, आम्ही नियम बदलले, तुमची माहिती तुमच्या परवानगीने वापरू, म्हणून. युरोपात नवा कायदा लागू झाला होता. मी त्याचा दाखला दिला.

"मग युरोपातलं स्थळ बघा," अण्णा म्हणाले. गिऱ्हाईकही हसले.

जुलैअखेर आपल्याकडच्या सरकारी समितीनेही अशाच कायद्याचा मसुदा दिला. तो इंग्रजीत होता. मुलीने वाचून मला समजावला. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, संमती स्पष्ट हवी, आणि दिलेली संमती परत घेता आली पाहिजे. मी ही कलमे मराठीत लिहून अण्णांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "हा कायदा झाला का?" झाला नव्हता. विधेयक संसदेत मांडले जायला पुढच्या वर्षीचा डिसेंबर उजाडला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र आदल्या वर्षीच आला होता. तेही मी सांगितले. "मग दिल्लीला जा," असे उत्तर मिळाले.

एकट्याचे ऐकत नाहीत, तर आणखी पालक बरोबर घ्यावेत असे ठरवले. पुस्तिका हाताशी होती, त्यात सगळ्यांचे नंबर होते. पहिला नंबर लावायला फोन उचलला आणि खाली ठेवला. त्यांनीही नंबर मेळाव्यासाठीच दिला होता. ते नंबर मी माझ्या भांडणासाठी वापरायचे, तर माझ्यात आणि त्या विमा एजंटात फरक काय? म्हणून जे प्रत्यक्ष ओळखीचे, त्यांच्याच घरी गेलो. काम हळू झाले, पण झाले.

तलासरीला एक जुने स्नेही आहेत, त्यांचीही मुलगी पुस्तिकेत होती. त्यांनी चहा पाजला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "फोन आमच्याकडेपण येतात हो. पण आता तिचं पान काढलं, तर लोक काय म्हणतील? काहीतरी लफडं असणार. ठरलेलं मोडलं असणार. तुम्ही काढा खुशाल. मी नाही काढणार."

पुढच्या दोन घरांतही हेच ऐकले. बसने परत येताना मीही डळमळलो. एकट्या माझ्या मुलीचे पान गेले तर तेच तिच्याबद्दल बोलले जाणार होते.

घरी सांगितले तर मुलगी म्हणाली, "बाबा, माझं काढा असं म्हणूच नका. सगळ्यांचेच नंबर, पत्ते आणि फोटो काढा म्हणा. नेटवर नुसता अनुक्रमांक, गाव, शिक्षण. ज्याला रस असेल त्याने मंडळाकडे यावं. मग कोण कोणाला काय म्हणणार?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तलासरी. स्नेह्यांनी ऐकून घेतले आणि मी मंडळासाठी लिहून नेलेल्या अर्जावर लगेच सही केली. "हां, हे चालेल," म्हणाले. ज्यांनी आधी नाही म्हटले होते त्या दोघांनीही केली.

दसऱ्यानंतर चारोटीला मंडळाची सभा झाली. अण्णांनी विषय सर्वांत शेवटी, जेवणाच्या तोंडावर घेतला.

"भाऊंना मंडळ बंद पाडायचंय," ते म्हणाले.

मी उभा राहिलो. "मंडळ चालू दे. उलट स्थळ विचारायला आता माणसं तुमच्याकडेच येतील, अण्णा. आज ती मंडळाला न विचारता परस्पर फोन करतात."

अण्णा कपाळाला आठी घालून बसले, पण नाही म्हणाले नाहीत. तेवढ्यात मुलगी मागच्या रांगेतून उठली आणि वापीच्या माणसाची वाक्ये तिने आवाज न चढवता, एकेक करून सांगितली. पुढे बसलेल्या दोन-तीन आयांनी माना खाली घातल्या. त्यांच्याही घरी तो फोन येत असणार. ठराव मंजूर झाला: नेटवरची पुस्तिकेची फाईल काढायची, नवी करायची, आणि यापुढे फॉर्मवर नेटसाठी वेगळी सही घ्यायची, सही नसेल तर ठेवायचे नाही.

ज्यांनी आधीच उतरवून घेतली त्यांच्याकडून ती कोण काढणार? तेवढे कोणाच्या हातात नव्हते. वापीचा फोन आणखी काही दिवस आला. मुलीने पोलिसांत लेखी तक्रार दिली, त्यानंतर बंद झाला. नंबर तिने बदलला नाही.

नवी फाईल डहाणूत एका डीटीपीवाल्या बाईंनी केली. त्यांच्या दुकानात मी, मुलगी आणि अण्णा असे तिघे उभे होतो. मुलीने स्वतःच्या फोनवर जुनी लिंक उघडून पाहिली. उघडली नाही. बाईंनी आठशे रुपये सांगितले. अण्णांनी माझ्याकडे पाहिले.

"निम्मे द्या, भाऊ. काम तुमचंच ना."

"फाईल मंडळाची, अण्णा."

त्यांनी मान हलवली, पाकीट काढले. मी बाईंना पावती मंडळाच्या नावाने करायला सांगितली. आठशे रुपये रोख, वधूवर मंडळाकडून डीटीपीवाल्या बाईंना, पोचले.