कोणती शिंपणी आधी

"पयलीपासनं सुरू करायचं न्हाय," असं म्हणत तात्या कानामागचा टेस्टर काढायचे आणि समोरच्याच्या छातीवर हलकेच टेकवायचे, जणू दिवा लागतोय का ते बघतायत. "पयली लिवली तवा त्यो कवळा हुता. तुमी चौथीपासनं धरा."

नवखा माणूस गोंधळून जायचा. तो बिचारा डीपीचा फ्यूज गेला म्हणून आलेला असायचा.

तात्या आमच्या सेक्शनचे वायरमन. इंदापूर तालुक्यातली अंथुर्ण्याकडची चार-पाच गावं त्यांच्याकडे होती आणि मी तिथला शाखा अभियंता. 'त्यो' म्हणजे सोव्हिएत काळातला एक रशियन संगीतकार. त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण आमच्या सेक्शनमध्ये त्याचा उच्चार सात तऱ्हांनी व्हायचा आणि सातही जण आपलाच बरोबर म्हणून भांडायचे. शेवटी सर्वानुमते 'रशियनराव' ठरलं. त्याच्या स्वतःच्या देशातही त्याला फारसं कोणी ऐकत नसावं. तरी त्यानं वीस-बावीस सिंफनी लिहून ठेवल्या होत्या. सिंफनीला आमच्याकडे शिंपणी म्हणत. उसाच्या मुलखात हा शब्द रुजायला वेळ लागला नाही.

हे खूळ आलं कुठून, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. तात्या एकदा खांबावरून पडले, मांडीचं हाड मोडलं आणि पुण्याच्या एका दवाखान्यात दीड महिना पडून राहिले. शेजारच्या खाटेवर रशियन भाषेचे एक निवृत्त प्राध्यापक होते. ते दिवसभर मोबाइलवर हेच लावायचे.

"पयले आठ दिस मी नर्सकडं तक्रार केली," तात्या सांगायचे. "नवव्या दिशी त्यांच्या मोबाइलची बॅटरी संपली, तर मलाच करमंना."

जाता जाता प्राध्यापक म्हणाले, की महाराष्ट्रात ह्याला ऐकणारा मी एकटा, माझ्यानंतर कोण? तात्या पक्के खात्यातले. माणूस गेला तरी टेबल रिकामं राहता कामा नये, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. "मी म्हनलं, सर, द्या माज्याकडं चार्ज." प्राध्यापकांनी मेमरी कार्ड काढून दिलं. तात्यांनी केसपेपरच्या मागे 'वरीलप्रमाणे प्राप्त झाले' असं लिहून सही केली आणि तो कागद प्राध्यापकांना दिला.

तेव्हापासून त्यांनी काम सोडलं नाही. लाइन बंद करून खांबावर चढले, की खिशातला मोबाइल सुरू व्हायचा. खाली शिडी धरून उभा असलेला शेतकरी हलू शकत नाही, हे तात्यांनी ओळखलं होतं. चहूबाजूंना ऊस, वर तात्या आणि त्यांच्याही वरून येणारी दीडशे व्हायोलिनं. दुरुस्ती दहा मिनिटांत व्हायची, पण शिंपणीचा दुसरा भाग संपल्याशिवाय तात्या खाली उतरायचे नाहीत. वशिला नाही, चहा नाही, कोणाचं काम अडवणं नाही. फक्त उतरल्यावर विचारायचे, "कसं वाटलं?"

लोक आधी घाबरून "लय भारी" म्हणायचे. मग हळूहळू काहींना खरंच वाटायला लागलं. कारखान्याकडे निघालेल्या एका ट्रॅक्टरवर, दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढताना, मी रशियनरावाचा संथ भाग ऐकला आहे. मागून येणारा एसटीचा ड्रायव्हर हॉर्न द्यायचा विसरला होता.

कोणाला काय द्यायचं, याचा त्यांचा हिशेब ठरलेला. तापट माणसाला चौघांचं वाजवणं, म्हणजे क्वार्टेट. नुकतं लग्न झालेल्याला पियानो. एका सरपंचांनी सगळ्यात मोठ्या आवाजाची मागितली, तर त्यांना म्हणाले, "तुमी अजून सा म्हयनं थांबा." रेकॉर्डिंगसुद्धा वाटेल ते चालायचं नाही. "जुनं घ्या, मॉस्कोतलं. नव्यात सगळं पुसून घेत्यात. जुन्यात बारीक घरघर हाय, ऐका. अर्थिंग लूज हाय सायेब. तितं बी आपल्यासारकंच."

मलाही त्यांनी यादी दिली होती. जीपमध्ये बसलं की विचारायचे, "सायेब, दुसरा भाग?" मी म्हणायचो, "छान आहे." ते खिडकीबाहेर बघत बसायचे. मी कधीच काही ऐकलं नव्हतं आणि ते त्यांना ठाऊक होतं, हे मलाही ठाऊक होतं.

तात्यांच्या निवृत्तीला चार महिने राहिले असताना त्यांच्यावर लेखी तक्रार आली. अंथुर्ण्याच्या बबनरावांची. अर्ज थेट बारामतीच्या वरच्या ऑफिसात गेला होता. त्यात लिहिलं होतं: 'सदर वायरमन शिंपणी देताना पक्षपात करतात. माझ्या बांधाशेजाऱ्यास चौथी दिली. मला एकदम अठरावी दिली. तीन आठवडे झाले, काहीही फळ नाही. तरी चौकशी व्हावी.'

बारामतीच्या मोठ्या साहेबांचा मला फोन आला. "तुमचा वायरमन शेतकऱ्यांच्या पाण्यात हात घालतो? पाणी पाटबंधाऱ्याचं! आपलं काम मोटारीपर्यंत!"

मी समजावून सांगितलं. साहेबांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग साहेब म्हणाले, "हे तर त्याहून गंभीर आहे."

तुम्हाला आत्ता हसू येईल, मला तेव्हा येत नव्हतं. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली तर माणसाचे कागद वर्षानुवर्षं फिरत राहतात. मी तात्यांना बोलावून म्हणालो, "सांगून टाका, की गंमत म्हणून ऐकवत होतो. परत करणार नाही."

त्यांनी टेस्टर कानामागून काढला, पाहिला, परत ठेवला. "गंमत म्हनून न्हवतं सायेब. खोटं कसं लिवू?"

सुनावणी आमच्याच ऑफिसात झाली. मोठे साहेब माझ्या खुर्चीवर, समोर बबनराव, दाराशी तात्या. साक्षीला म्हणून सहा शेतकरी बोलावले होते, आले एकवीस. सुप्याहून आलेल्या एका पाहुण्यालाही कोणीतरी बरोबर आणलं होतं. साहेबांनी पहिल्या साक्षीदाराला विचारलं, "हे तुम्हाला जबरदस्तीनं ऐकवतात का?"

"जबरदस्ती न्हाय. पन सुरवात सातवीपासनं पायजे हुती."

"चौथीच बराबर हाय!" मागून एक जण ओरडला. "सातवी दमल्याव ऐकायची."

दोन गट पडले. एका म्हाताऱ्यानं दोन्ही बाजूंना मूर्ख ठरवून चेलोच्या सुरांचा मुद्दा काढला. साहेबांनी टेबलावर हात आपटला. "गप्प बसा! ती अठरावी लावा. बघू काय आहे ते."

तात्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. शिपायानं आपण होऊन पंखा बंद केला. उकाड्यात पंचवीसेक माणसं घामेजून उभी राहिली आणि अठरावी सुरू झाली. फार हळू, एकाच सुरावर रेंगाळत, जणू कोणी दार उघडावं की नाही याचा विचार करत उभं आहे. साहेब आधी घड्याळाकडे पाहत होते. मग पाहायचे थांबले. मध्येच एका अगदी शांत जागी कोणीतरी खोकलं.

"कोण खोकलं?" साहेब कडाडले.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"मॉस्कोत, सायेब," तात्या म्हणाले. "रेकॉर्डिंगच्या टायमाला. लई वर्सं झाली. त्यो खोकनारा बी आता नसल."

कोणीही हसलं नाही. भाग संपल्यावर साहेबांनी आवाज उतरवून विचारलं, "सगळ्यांना चौथी, मग यांनाच ही का?"

तात्या बबनरावांकडे न बघता बोलले. "अठरावी त्यानं भाऊ गेल्याव लिवली, असं सरांनी सांगितलेलं. बबनरावांचा धाकला भाऊ औंदा गेला. हे मला म्हनले, तात्या मलाबी द्या कायतरी. म्हनलं, चौथी ह्येंला खोटी वाटंल."

बबनराव टोपी हातात घेऊन उभे होते. "मंग सांगायचं न्हाय व्हय, तात्या?"

"सांगून दिलं आसतं, तर औषद झालं आसतं."

बबनरावांनी टोपीनंच तोंड पुसलं. "सायेब, अर्ज मागं घ्येतो."

"अर्ज असा मागे घेता येत नाही. निकाली काढावा लागतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं शेरा लिहिला. तो कागद अजून आमच्या फायलीत आहे. 'तक्रारदाराचे समाधान झाले. अठरावी कायम.'

तात्या वेळेवर निवृत्त झाले आणि आपल्या गावी, कोऱ्हाळे बुद्रुकला जाऊन राहिले. माझी बदली दुसरीकडे झाली. फोन कमी होत गेले. गेल्या वर्षी कळलं, की सकाळी चहा पिता पिता बसल्या जागीच गेले.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. वहिनी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. त्यांना मी त्याआधी दोनदाच पाहिलं होतं, तेही चहाचा ट्रे आत-बाहेर होताना. त्यांनी पाणी दिलं, पोरांचं सांगितलं, हातातल्या शेंगा संपवल्या. मग आत गेल्या आणि तात्यांचा मोबाइल पदरात धरून बाहेर आल्या.

"त्येंनी साऱ्या तालुक्याला दिलं," त्या म्हणाल्या. "मला कदी दिलं न्हाय. मीबी कदी मागितलं न्हाय. मला वाटायचं, घरातच तर हाय, बघू कवातरी." त्यांनी मोबाइल माझ्यापुढे केला. "तुमी त्येंच्यासंगं जीपमदी हिंडलाय सायेब. मी कुठनं सुरू करू?"

मी तो हातात घेतला. पडद्यावर वीस-बावीस आकडे एकाखाली एक होते. कुठलातरी एक सांगून टाकणं सोपं होतं. चौथी म्हणून मोकळं होता आलं असतं. पण नवरा गेलेल्या बाईला चौथी द्यावी की नाही, हे मला माहीत नव्हतं. आणि अठरावी त्या गर्दीत एकदा ऐकली, त्यापलीकडे मला कशाचाच पत्ता नव्हता.

"वहिनी, मला नाही सांगता येणार," मी म्हणालो. "मी त्यांना इतकी वर्षं खोटंच सांगत आलो."

"त्येंनी सांगितलं हुतं मला," त्या सहज म्हणाल्या.

मग मी बबनरावांना फोन लावला. ते शेतात होते, मागे मोटारीचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी मोटार बंद केली.

"वहिनीस्नी द्या," ते म्हणाले.

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि फोन दोन्ही हातांनी कानाला धरला. पलीकडून बबनराव काय सांगत होते ते मला ऐकू येत नव्हतं, पण बराच वेळ सांगत होते. समोर शेंगांची टरफलं वाऱ्यानं ओसरीभर पसरत होती आणि वहिनी मान हलवत म्हणत होत्या, "व्हय... व्हय... न्हाय, एकलीच हाय... बसून ऐकू, का काम करता करता चालंल?"